कार्नेगीतलं कौलारू घर

जूनमधल्या एका रात्री पाणी प्यायला उठले आणि पॅसेजमध्ये डोक्यावर टप्पकन थेंब पडला. दिवा लावून वर बघितलं, तर छताला बशीएवढा पिवळा डाग. मेलबर्नच्या पावसाला पाऊस म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. वर्षभराचा सगळा मिळून 650 मिलिमीटरच्या आसपास. आमच्या राधानगरीकडे एवढा तर जुलैच्या एखाद्या जोराच्या पंधरवड्यात पडून जातो. तोही इथे कोसळत नाही, भुरभुरत राहतो. अशा भुरभुरीनं आमचं घर गळायला लागलं होतं.

मी पातेलं आणून खाली ठेवलं. त्या आवाजानं आप्पा, माझे वडील, जागे झाले. ते येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत या घरातलं काहीच त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. गॅस बटणावर पेटतो, भांडी यंत्रात जातात, कचऱ्याच्या डब्यांचे रंग वेगळे, त्यांचे वारही वेगळे. दारात उभं राहून त्यांनी डाग बघितला, पातेलं बघितलं आणि चेहरा एकदम खुलला.

"गळतंय काय?"

"हो ना."

"कौलं कधी परतलीस?"

"परतली नाहीत, आप्पा. आम्ही घेतल्यापासून तरी नाही."

"म्हणजे पाच वर्षं?" मग जरा थांबून, "आणि त्याच्या आधी?"

घराच्या कागदांवर बांधकामाचं साल 1926 आहे. ते मी त्यांना त्या रात्री सांगितलं नाही.

गावाकडे, कागलच्या पुढे आमचं घर आहे तिथे, मिरगाच्या आधी कौलं परतायची हा मे महिन्याचा ठरलेला कार्यक्रम असायचा. वानरांनी सरकवलेली, फुटलेली कौलं काढायची, वाशांवरची धूळ झाडायची, रिपा ठोकून बघायच्या, आणि पुन्हा खालून वर एकेक ओळ लावत आढ्यापर्यंत जायचं. आम्ही पोरं साखळी करून कौलं वर द्यायचो. दोन-अडीच किलोचं कौल, उन्हानं तापलेलं, आणि आजी खालून ओरडणार, "मधी धर गं, कडंला धरू नको!" दुपारी घर बिनछपराचं असायचं. चुलीवर थेट ऊन पडायचं आणि रोज अंधारात बघितलेली माजघरातली भांडी परकी दिसायची. मला तो दिवस फार आवडायचा.

इथे कौलं परतत नाहीत. ती तारेनं रिपांना बांधलेली असतात. गळलं की माणूस बोलवायचा. तो नऊ दिवसांनी आला. तेवढे दिवस आप्पा पातेलं बदलत राहिले आणि थेंब मोजत राहिले. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते, मोजल्याशिवाय त्यांना करमत नाही.

दुखणं किरकोळ निघालं. दोन पाख्यांच्या मधल्या खोबणीतला पत्रा गंजला होता, पन्हाळ पानांनी तुंबलं होतं आणि चार कौलं तडकली होती. त्यातलं एक घेऊन तो पोरगा शिडीवरून उतरला. आप्पा शिडीच्या पायथ्याशी दोन्ही हात मागे बांधून उभे होते, कारखान्यात बॉयलरजवळ उभे राहायचे तसे. त्यानं कौल पुढे केलं आणि आप्पांनी ते दोन्ही हातांत घेतलं.

वरून काळं पडलेलं, शेवाळानं खरबरीत. तडकलेल्या कडेला मात्र आतला रंग उघडा पडला होता. तो इतका लाल आणि ताजा की कालच भट्टीतून काढलंय असं वाटावं. लांबीला दोन खोल पन्हळी, मध्ये उंचवटा, एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला त्या खाचेत बसणारी कड. आप्पांनी अंगठा त्या खाचेतून वरपासून खालपर्यंत फिरवला. मग उलटं केलं. पाठीवर मातीतच उमटवलेली अक्षरं होती, इंग्रजी. तिथेही त्यांनी अंगठा फिरवला.

"हे मंगळुरी कौल हाय," ते म्हणाले.

"नाही आप्पा, इथलं आहे. वुंडरलिख म्हणून इथली कंपनी होती, तिचं नाव आहे बघा."

"कंपनी कुठली का असंना. कौल मंगळुरी हाय."

मी वाद घातला नाही. रात्री शोधायला बसले आणि आप्पांचं पूर्ण नाही, तरी बारा आणे बरोबर निघालं. खाचा एकमेकांत अडकवून बसवायचं हे चपटं कौल मुळात फ्रान्सच्या अल्सास भागातलं. गिलार्डोनी नावाच्या भावांनी 1841 साली त्याचं पेटंट घेतलं. ते मार्सेच्या बंदरातून जगभर जायला लागलं तेव्हा त्याला मार्सेचं नाव चिकटलं. 1865 साली बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. तिथली माती चांगली, वर बाटलेल्या लोकांना रोजगार द्यायचा होता. घडण तीच मार्सेची, पण कोकणात आणि देशावर पोचेपर्यंत ती मंगळुरी झाली. आणि इकडे ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीच कौलं मार्सेहून जहाजं भरभरून यायला लागली. पहिलं महायुद्ध पेटलं, फ्रान्सची जहाजं थांबली, मग वुंडरलिखसारख्यांनी इथल्याच मातीत ती पाडली. म्हणजे आमच्या गावच्या घराचं छप्पर आणि या घराचं छप्पर ही आतेमामे भावंडं. दोघांचं आजोळ मार्से.

हे मला पाच वर्षं या छपराखाली राहून कळलं नव्हतं. रस्त्यावरून रोज दिसणारी लाल कौलं मी इंग्रजी समजत होते.

हे घर आम्ही घेतलं ते लिलावात, आणि हीच गोष्ट मी आप्पांपासून कित्येक महिने लपवून ठेवली होती. मेलबर्नमध्ये शनिवार सकाळ म्हणजे घरांच्या लिलावाची वेळ. सूट घातलेला माणूस फुटपाथवर उभा राहून बोली पुकारतो, शेजारीपाजारी कॉफीचे कप घेऊन तमाशा बघायला जमतात, आणि अर्ध्या तासात कुणाच्या तरी पुढच्या तीस वर्षांचे हप्ते ठरतात. इथे ती विक्रीची साधी रीत. पण आमच्याकडे घराचा लिलाव म्हणजे सोसायटीचं कर्ज बुडालं, दवंडी पिटली, जप्ती आली. शेवटी एकदा मी फोनवर बोलून गेले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "कुणाचं बुडालं होतं?" कुणाचंच नाही, म्हातारी आश्रमात गेली आणि मुलांनी विकलं, हे त्यांना पटवायला अर्धा तास लागला. पटलं की नाही देव जाणे. आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. आम्ही एकदा वास्तुशांत केलेली असून!

वास्तूचं तर विचारूच नका. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून उत्तरेला तोंड असलेल्या घराला भाव जास्त. आप्पा दोन दिवस परसात उभे राहून सूर्याची चाल बघत होते. उजवीकडून डावीकडे जाणारा सूर्य बघून त्यांनी दिशांचा नाद सोडून दिला. "इथं शास्त्राला सुट्टी," एवढंच म्हणाले.

घर लाकडी फळ्यांचं, जमिनीपासून हात-दीड हात उंच खुंटांवर उभं. भिंतीवर टकटक केली की पोकळ वाजतं. दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंतीत जन्म काढलेल्या माणसाला हे घर म्हणजे आंब्याची पेटी वाटली तर नवल नाही. पुढे बुटक्या जाड खांबांचा व्हरांडा, त्यावर छपराचा पुढे आलेला पाखा, दिवाणखान्याला रंगीत काचांच्या खिडक्या, मधोमध पॅसेज, मागे स्वयंपाकघर. या घडणीला इथे कॅलिफोर्नियन बंगला म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर मेलबर्नच्या या भागात रस्तेच्या रस्ते असे उभे राहिले. बंगला शब्द बंगालातून इंग्रजांच्या तोंडी बसला, विलायतेला गेला, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळं रूप घेतलं आणि ते रूप इकडे उतरलं. व्हरांडाही इंग्रजीला मिळाला तो हिंदुस्थानातच. त्यात गंमत अशी की मेलबर्नची जुनी माणसं परसातल्या सुट्या खोलीलाही बंगलो म्हणतात. आमच्याकडे तीही आहे. दहा बाय बाराची, वर पत्रा, आत माझ्या मुलाची सायकल आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आप्पांनी गावी फोन करून सांगितलं, पोरीच्या बंगल्याच्या मागं अजून एक बंगला हाय. गावात त्याचा काय अर्थ झाला असेल तो असो.

हे सगळं बांधलं जात होतं ते 1926 साल माझ्या डोक्यातून जात नाही. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाचं राष्ट्र झालं आणि त्याच वर्षी कायदा झाला. नको असलेला माणूस बंदरावर उतरला की त्याला पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचं, तेही कुठल्याही युरोपीय भाषेत. त्याला इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. नापास होईस्तोवर परीक्षा. आधीपासून इथे असलेले हिंदी फेरीवाले खेड्यापाड्यांतून कापड विकत फिरत होते, ते राहिले. नव्या माणसाला मात्र दार बंद. श्रुतलेखन 1958 ला गेलं, धोरणाचे शेवटचे धागे 1973 ला. म्हणजे आमच्या व्हरांड्यावर कौलं चढत होती तेव्हा बंगला आत आला होता, व्हरांडा आत आला होता, मंगळूरच्या कौलाचं भावंड छपरावर जाऊन बसलं होतं. आप्पांचे आजोबा आले असते तर बंदरावरच श्रुतलेखनाला बसले असते. नापास झाले असते हे सांगायला नको. ते मोडीत सही करायचे.

त्याच्याही आधी ही जमीन बूनवुरुंग लोकांची होती. त्यांना तर परीक्षेचीही संधी मिळाली नाही. आमच्या घराच्या कागदांत त्यांचं नाव कुठेच नाही.

आप्पांना कार्नेगी आवडलं ते मात्र कौलांमुळे नाही, साखरेमुळे. आमच्या या उपनगराचं मूळ नाव रॉसटाउन. विल्यम मरे रॉस नावाच्या उद्योगी माणसानं 1870 च्या दशकात इथे बिटापासून साखर काढायचा कारखाना उभारायला घेतला. साखर न्यायची कशी, म्हणून पुढे स्वतःचा लोहमार्गही टाकला. कारखान्याची इमारत झाली. लोहमार्ग 1888 पर्यंत तयार झाला. साखर झाली नाही. रुळांवरून नेमानं गाडी अशी कधी धावलीच नाही, रॉस कर्जात बुडाला आणि 1908 साली कारखाना पाडला. रुळांच्या वाटेनं आता पायी किंवा सायकलवर फिरायचा मार्ग आहे, त्याचं नाव रॉसटाउन रेल ट्रेल. एका रविवारी मी आप्पांना तिकडे नेलं आणि चालता चालता हे सांगितलं. ते रस्त्यातच थांबले.

"गाळपच झालं न्हाई?"

"नाही."

"एक पण हंगाम न्हाई?"

"नाही हो."

"बॉयलर तरी पेटवला का न्हाई?"

मला काय माहीत! पण त्यांच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मला दिसत होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन, मग चेअरमनच्या हस्ते गव्हाणीत मोळी टाकायची, पहिल्या पोत्याची पूजा, भोंगा. बांधून झालेला आणि एकदाही भोंगा न वाजलेला कारखाना म्हणजे त्यांच्या हिशेबी मूल न रडणं. पुढचा अर्धा तास ते गप्प चालत होते. मग एकदम म्हणाले, "बिटाला उतारा किती पडतो गं?" घरी येऊन आम्ही शोधलं. बिटात साखर उसापेक्षा कमी नसते, उलट जास्तच निघते. मग चूक कुठे झाली यावर त्यांनी पुढचे चार दिवस घालवले. व्हिक्टोरियातच माफ्रा नावाच्या गावी 1898 ला बिटाचा कारखाना निघाला आणि, मध्ये काही वर्षं बंद पडून का होईना, 1946 पर्यंत टिकला, हे कळल्यावर त्यांचं निदान पक्कं झालं. "मशिनरी आधी आणली. सभासद आधी करायचे असतात. बीट लावणार कोण?"

नाव बदलण्याची कथा याहून मजेदार. रॉसटाउन म्हटलं की लोकांना फसलेला धंदाच आठवायचा, म्हणून 1909 साली नाव बदलून कार्नेगी केलं. अमेरिकेतले धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी तेव्हा जगभर वाचनालयांना पैसे देत होते. नाव दिलं तर आपल्यालाही मिळतील, असा त्यामागे हिशेब होता असं सांगतात. पैसे आले नाहीत, नाव राहिलं. आप्पा एवढे हसले की डोळ्यांत पाणी. "म्हणजे आमच्यासारखंच! शाळेला साहेबांच्या आईचं नाव द्यायचं आणि अनुदानाची वाट बघायची." आज कूरनांग रोडजवळ वाचनालय आहे, चांगलं आहे, पण ते नगरपालिकेच्या पैशानं. रॉस उरलाय तो त्या ट्रेलच्या, एका रस्त्याच्या आणि एका जुन्या पबच्या नावात.

कूरनांग रोडबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत खायच्या दुकानांची रांग. मलेशियन, चिनी, कोरियन, जपानी, आणि वर रेल्वे. पूर्वी तिथे फाटक होतं, सकाळी सात मिनिटं हमखास जायची. 2018 पासून गाड्या पुलावरून जातात आणि खालून माणसं. आप्पा त्या पुलाखालच्या बाकावर बसून एका चिनी आजोबांबरोबर गाड्या मोजायचे. बोलणं काय होत होतं विचारलं, तर म्हणाले, "बोलायचं काय? गाडी आली की त्यो हात दावतोय, गेली की मी."

शेजारच्या ग्रीक आजोबांशी मात्र रीतसर तंटा झाला. साठच्या दशकात बोटीनं स्टेशन पिअरला उतरलेला माणूस. त्यांची नातवंडं त्यांना पापू म्हणतात, माझा मुलगा पप्पू म्हणतो, आणि मी त्याला त्या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ सांगितलेला नाही. पापूंच्या लिंबाची फांदी आमच्या कुंपणावरून आत येते. लिंबू मुठीत मावत नाही एवढं, साल जाड, आंबटपणा बेताचा. आप्पांनी लोणचं घातलं, बरणी भरून दिली. पापूंनी चाखलं, डोळे मिटले, पाणी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मिठातल्या ऑलिव्हची बरणी आणून ठेवली. आप्पांना ती कडू लागली. आपल्या बरणीत मोहरी कमी पडली की त्यांच्यात मीठ जास्त, यावर दोघांचा कुंपणाच्या दोन बाजूंनी हातवाऱ्यांचा वाद महिनाभर चालला.

छपरात राहणाऱ्या पोसमबद्दल, म्हणजे मांजराएवढ्या, रात्री हिंडणाऱ्या इथल्या प्राण्याबद्दल, दोन ओळी पुरेत. रात्री दोनला तो कौलांखालून धावतो तेव्हा वर कुणी पाटा फिरवतंय असं वाटतं. कायद्यानं त्याला इजा करता येत नाही. पकडलाच, तरी पकडल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत सोडावा लागतो. म्हणजे आमच्याच परसात. आप्पांनी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली.

गळती थांबली. पण तो कौलवाला जाताना म्हणाला, ही घडण आता मिळत नाही, जुनं घर पडेल तिथून कौलं उचलून ठेवा. जुनी घरं पडतातच आहेत. आमच्या रस्त्यावर अशी पंधरा होती, आता सहा उरली आहेत. एका प्लॉटवर एक घर होतं तिथे तीन टाउनहाउस होतात, पेटीला पेटी लावून ठेवल्यासारखी. आमच्याही टपालपेटीत दर आठवड्याला एजंटांची पत्रं येतात, तुमची जागा विकायची आहे का म्हणून. त्या ऑगस्टमध्ये चार घरं सोडून पलीकडचं घर पाडायला घेतलं. आप्पा सकाळीच तिथे जाऊन उभे राहिले. मुकादम लेबनीज होता. दोघांत काय ठरलं माहीत नाही, पण दुपारी मी कामावरून आलो तर (कोल्हापूरची पोर, आप्पा घरात असले की माझं "आले" जाऊन "आलो" होतं) परसातल्या बंगलोच्या मागे कौलांची थप्पी लागलेली. चाळीस नग. आप्पांनी माझ्या मुलाला हाताशी धरून चाकाच्या गाड्यावरून चार खेपांत आणली होती. सगळी उभी, एकाला एक टेकवून, शेवटच्याला जरा तिरका आधार. आडवी रचली की खालची फुटतात. गावच्या घरामागे, गोठ्याच्या भिंतीला, अशीच थप्पी मी लहानपणापासून बघत आले होते. त्यात विंचू असतात म्हणून आम्हाला जवळ जायची बंदी होती.

"इथे विंचवांचं एवढं भय नाही, आप्पा," मी म्हणाले. "कोळी असतात. लाल पाठीचे. ते विषारी."

"मग बरं हाय," ते म्हणाले. "पोरं लांब राहतील."

सप्टेंबरात ते परत गेले. सामान भरताना बॅगेत शिवणाचा पांढरा दोरा दिसला, दोन्ही टोकांना गाठी मारलेला. मला वाटलं, बटणासाठी असेल. गावी पोचल्यावर चार दिवसांनी फोन आला. प्रवास कसा झाला, पाऊस किती झाला, काहीच नाही.

"मोजलं मी," ते म्हणाले. "दोरा लावून. आपलं कौल तुझ्यापेक्षा बोटभर आखूड हाय."

"म्हणजे बसणार नाही."

"बसतंय की. रीप तेवढी सरकवायची." मागे कुणीतरी भांडी घासत होतं, आणि नळाचा आवाज येत होता. "पन्हाळ काढलंस का साफ करून? पानं पडायची बंद झाली न्हाईत अजून तिकडं."